एका रुळावर एकच गाडी

दादर स्टेशनच्या पुलावर सायंकाळीं सहाच्या सुमारास घटकाभर उभे राहण्याची सवड ज्यांना मिळाली असेल, त्यांना एक देखावा परिचित असेल. पुलाखालून एका बाजूस मध्य रेल्वेचे व दुसऱ्या बाजूस पश्चिम रेल्वेचे रूळ गेलेले आहेत. त्यांवरून दर दोन-चार मिनिटांनीं एकेक गाडी येते, उतारूंचा लोंढा बाहेर सोडते, दुसरा लोंढा पोटांत घेते आणि निघून जाते. मधून मधून बाहेरगांवची लांब गाडीही याच गर्दींतून वाट काढून जाते. मागच्या गाडीच्या मोटरमनला पुढच्या गाडीचा मोटरमन कोण हें ठाऊक नसतें; दोघांचें एकमेकांशीं कांहीं बोलणेंही झालेलें नसतें. तरी एक गाडी दुसरीवर जाऊन आदळत नाहीं. नित्य पाहण्यांत असल्यामुळें याचें आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु, श्रोतेहो, हें साधण्यास किती कष्ट पडले, किती प्राण खर्चीं पडले, आणि त्या कष्टांतून निघालेली एक कल्पना आज आपल्या घरांतील संगणकांत व खिशांतील टेलिफोनांत कशी येऊन बसली आहे, याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

प्रश्न मूळचा साधा आहे. रूळ एक आहे आणि त्याचा उपयोग करूं इच्छिणारे अनेक आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हां चौदा डबे, तीन एंजिनें आणि सुमारें चारशें पाहुणे असा तिचा थाट होता. पण तिला आदळण्यासारखी दुसरी गाडीच त्या रुळावर नव्हती. ज्या रस्त्यानें एकच मनुष्य चालतो त्या रस्त्यास शिस्त लागत नाहीं. एकसमयावच्छेदेंकरून अनेकजण चालूं लागले म्हणजेच शिस्तीचा प्रश्न उत्पन्न होतो.

इंग्लंडांत आरंभीं या प्रश्नाचें उत्तर घड्याळावर सोंपविलेलें होतें. एक गाडी सुटून ठराविक मिनिटें लोटलीं कीं दुसरी सोडावयाची. ही रीति वरवर पाहतां शहाणपणाची दिसते. पण घड्याळ फार तर किती वेळ गेला हें सांगतें, गाडी कोठें आहे हें सांगत नाहीं. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा गांवाजवळ सहलीस निघालेली एक गाडी चढावावर अडून राहिली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग नेण्याचा प्रयत्न चालला असतां मागचे डबे उतारावरून मागें घसरले आणि घड्याळाच्या भरंवशावर पाठोपाठ सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्यांत पुष्कळशीं मुलें होतीं. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून असें ठरविलें कीं, मार्गाचे तुकडे पाडावे आणि एका तुकड्यांत एक गाडी असेपर्यंत दुसरीस त्यांत प्रवेश देऊं नये. ‘बहुधा गेली असेल’ या शब्दांच्या जागीं ‘गेल्याची खात्री झाली आहे’ हे शब्द आले. पुढील सर्व इतिहास या एका पालटाचा विस्तार आहे.

खात्री तरी कोणाच्या शब्दावर ठेवावयाची? केबिनमधील मनुष्य कितीही दक्ष असला तरी तो मनुष्यच. सांधा एका बाजूस वळलेला असतांना दुसऱ्या बाजूचा सिग्नल त्याच्या हातून पडणें अगदीं संभवनीय होतें. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिरानें १८५६ सालीं अशा योजनेचें पेटंट घेतलें कीं, सांध्यांचे व सिग्नलांचे खटके लोखंडी पट्ट्यांनीं एकमेकांत अडकविलेले असावे, म्हणजे परस्परविरोधी असे दोन खटके एकाच वेळीं ओढतांच येऊं नयेत. या योजनेंत माणसाला सावध राहण्याचा उपदेश नाहीं. चूक करणेंच त्याला अशक्य करून ठेवलें आहे. उपदेश आणि अडसर यांतील हा भेद आपण ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तो पुन्हां भेटणार आहे.

जेथें एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जात, तेथें धातूचा गोळा किंवा तबकडी देण्याची वहिवाट पडली. तुकड्याच्या दोन टोकांना दोन यंत्रें, आणि दोन्ही विजेच्या तारेनें जोडलेलीं. एका यंत्रांतून एक तबकडी बाहेर काढली कीं ती परत जमा होईपर्यंत दोन्ही यंत्रें बंद. ज्याच्या हातीं तबकडी त्याचाच रूळ. यंत्र असें निर्दोष असूनही २६ जानेवारी १९२१ रोजीं वेल्समध्यें ॲबरम्यूल येथें दोन गाड्या समोरासमोर धडकून १७ माणसें मृत्यु पावलीं. झालें होतें तें असें: धिम्या गाडीच्या ड्रायव्हरनें मागच्या तुकड्याची तबकडी स्टेशनांत दिली, ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली, आणि पुढच्या तुकड्याची हीच, अशा समजुतीनें ती त्याच ड्रायव्हरला परत देण्यांत आली. तिच्यावर काय कोरलें आहे हें देणाऱ्यानें वाचलें नाहीं, घेणाऱ्यानेंही वाचलें नाहीं. पुढच्या तुकड्याची खरी तबकडी समोरून येणाऱ्या जलद गाडीच्या ड्रायव्हरपाशीं होती. यंत्राचा नियम कोठेंही मोडला नव्हता. नियम संपून जेथें हातांची देवघेव सुरू होते, त्या चार पावलांत घात झाला.

आतां मुंबईकडे वळूं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं त्या वेळचें व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, आणि कुर्ला यांच्यामध्यें देशांतील पहिली विजेची गाडी धांवली. गाड्या वाढल्या, आणि मग येथें निराळीच अडचण उभी राहिली. एका तुकड्यांत एकच गाडी हा नियम प्राणरक्षक खरा. पण तुकडा दोन मैल लांबीचा असेल तर मागची गाडी दोन मैल मागें तिष्ठत राहावयाची. गिरगांवांतून कचेरीस जाणारे कारकून आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत पाळीस जाणारे कामगार यांना हें कसें परवडावें? सुरक्षितपणा हवा तर थांबलें पाहिजे, आणि थांबलें तर शहर चालत नाहीं. याचा उलगडा असा कीं, नियम सैल करावयाचा नाहीं, तुकडा लहान करावयाचा. १९२८ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनस व भायखळा यांच्या दरम्यान आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल देशांत प्रथम बसविण्यांत आले. यांत रुळांतूनच विजेचा बारीकसा प्रवाह सोडलेला असतो. गाडीचीं चाकें त्या तुकड्यांत शिरलीं कीं प्रवाह चाकांतून परस्पर वळतो, सिग्नलाला तो मिळेनासा होतो, आणि मागचा दिवा लाल होतो. गाडी तुकडा सोडून गेली कीं दिवा आपण होऊन पुन्हां बदलतो. कोणी कोणास विचारीत नाहीं, कोणी कोणाच्या हातीं कांहीं देत नाहीं. ॲबरम्यूलचीं चार पावलें अशा रीतीनें नाहींशीं झालीं, आणि तुकडे लहान झाल्यामुळें त्याच रुळांवर अधिक गाड्याही मावूं लागल्या.

येथून आपण कुलाब्याच्या दिशेनें जाऊं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्यें आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं भारतांत घडविलेला पहिला मोठा संगणक सिद्ध झाला. १९६० सालीं चालू झालेल्या या यंत्राचें नांव टिफ्रॅक. त्याचा लोखंडी सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच. आंत २,७०० निर्वात नळ्या. आणि स्मृति म्हणजे प्रत्येकीं ४० अंकांचे २,०४८ शब्द. त्याला हुकूम द्यावयाचे ते शून्य आणि एक या दोन अंकांच्याच भाषेंत. हें यंत्र १९६५ पर्यंत चाललें. तें एका वेळीं एकाच आज्ञावलीचें काम करी. म्हणजे १८५३ च्या गाडीप्रमाणें त्याच्याही रुळावर दुसरें कोणी नव्हतें. पुढें जगभर यंत्रें वेगवान झालीं, आणि असें दिसून आलें कीं, कागद छापणारें किंवा कार्डें वाचणारें उपयंत्र सावकाश काम करीत असतांना महागडें मुख्य यंत्र हात बांधून बसून राहतें. तेवढ्या वेळांत त्यानें दुसरें काम कां करूं नये? या साध्या काटकसरींतून एका यंत्रांत अनेक आज्ञावल्या एकसमयावच्छेदेंकरून चालविण्याची पद्धति निघाली. रुळावर दुसरी गाडी आली.

मग अपघात कसा होतो तें पाहूं. अशी कल्पना करा कीं, कोंकणांत जाणाऱ्या गाडीची एकच जागा शिल्लक आहे आणि ती दादरच्या व गिरगांवच्या अशा दोन खिडक्यांवर एकाच क्षणीं मागितली गेली. दोन्ही खिडक्यांचें काम एकाच यंत्रांत दोन स्वतंत्र धाग्यांनीं चालतें. पहिला धागा शिल्लक पाहतो: एक. त्यानें ती खोडून शून्य लिहिण्यापूर्वीं दुसराही धागा पाहतो: एक. दोघेही तिकीट देतात, दोघेही शून्य लिहितात. हिशेब तंतोतंत जुळतो, आणि रात्रीं गाडींत एका बाकावर दोन कुटुंबें येऊन उभीं राहतात. दोन्ही धाग्यांनीं आपापलें काम बिनचूक केलें आहे. पाहणें आणि लिहिणें यांच्यामध्यें जी फट राहिली तिच्यांत चूक आहे, आणि ती फट सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही लहान असूं शकते.

या फटीचें भय ज्यांना सर्वांच्या आधीं वाटलें त्यांत एड्सगर डाइक्स्ट्रा हे डच गणिती अग्रगण्य होत. हॉलंडांत तयार झालेल्या एका संगणकाच्या आज्ञावल्या ते १९६० पूर्वींच लिहीत होते. बाहेरचें उपयंत्र मुख्य यंत्राचें काम वाटेल त्या क्षणीं मध्येंच थांबवूं शकतें असें कळतांच, जी चूक पुन्हां घडवून दाखवितां येत नाहीं ती दुरुस्त तरी कशी करावी, या विचारानें ते अस्वस्थ झाले. १९६० नंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांनीं जो उपाय काढला त्याला त्यांनीं आपल्या भाषेंत रेल्वेच्या सिग्नलखांबाचेंच नांव दिलें. इंग्रजींतून तें सेमाफोर म्हणून सर्वत्र रूढ झालें. सेमाफोर म्हणजे स्मृतींत ठेवलेला एक आंकडा. त्यावर दोनच क्रिया करतां येतात: एक आंत जाण्याची, दुसरी मोकळें करण्याची. चर्चगेटला चार फलाट आहेत. समजा, आंकडा चारापासून सुरू केला. प्रत्येक येणारी गाडी तो एकानें उतरविते, जाणारी एकानें चढविते, आणि शून्य असेल तर येणारीनें बाहेर थांबावयाचें. यांतील सर्व मर्म एवढेंच कीं, आंकडा पाहणें आणि तो बदलणें ही एकच अखंड क्रिया असली पाहिजे; तिच्या मध्यें कोणासही शिरतां येतां कामा नये. अडसर यंत्राच्या तळाशीं बसविला कीं वरच्या लिहिणाऱ्याला उपदेश करीत बसावें लागत नाहीं. सॅक्सबीच्या लोखंडी पट्ट्या शंभर वर्षांनीं अंकांच्या रूपानें पुन्हां अवतरल्या.

अडसरालाही त्याचा स्वतःचा रोग आहे. गिरगांवांतल्या चाळींत नळ एक आणि बादली एक. एकीनें बादली घेतली आणि ती नळाची वाट पाहात उभी राहिली; दुसरीनें नळ धरला आणि ती बादलीची वाट पाहात उभी राहिली. दोघीही नियमानें वागत आहेत, आणि पाणी जाईपर्यंत कोणीही हलणार नाहीं. संगणकांतही दोन धागे एकमेकांचीं कुलुपें धरून असे खिळून बसतात. त्यावरचा एक जुना व खात्रीचा तोडगा चाळींतल्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला सुचेल असाच आहे: आधीं बादली, मग नळ, हा क्रम सर्वांनीं पाळावा. हा रोग त्यांतल्या त्यांत बरा, कारण खिळलेलें यंत्र खिळलेलेंच राहतें. कोणाच्या हातीं कोणतें कुलूप आहे व कोण कोणाची वाट पाहतो, हें सावकाश तपासतां येतें. फटीचा रोग मात्र माग ठेवीत नाहीं. शोधण्यासाठीं मध्यें एखादी नोंद करण्याची आज्ञा घालावी, तर तेवढ्यानेंच धाग्यांची गति बदलते आणि चूक दडून बसते.

या दडून बसण्याची किंमत काय असते तें १९८५ ते १९८७ या काळांत दिसून आलें. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या यंत्रानें अमेरिका व कॅनडांत सहा रोग्यांना भलतीच भारी मात्रा दिली. त्यांतले निदान तीन दगावले. टेक्सासमधील टायलर येथें मार्च १९८६ मध्यें असा प्रसंग घडल्यावर कारागीर आले, त्यांनीं यंत्र तपासलें, चूक कांहीं केल्या पुन्हां घडेना, आणि यंत्र पुन्हां चालू करण्यांत आलें. एप्रिलांत दुसरा रोगी भाजला. तेव्हां तेथील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालविणारी बाई यांनीं पुन्हां पुन्हां प्रयोग करून छडा लावला. कामाच्या सरावानें तिचा हात जलद झाला होता. एकदां भरलेली माहिती तिनें आठ सेकंदांच्या आंत सुधारली कीं, लोहचुंबकें जुळविण्यांत गुंतलेल्या आज्ञावलीला ती सुधारणा कळतच नसे. सावकाश टंकणाऱ्या परीक्षकाला ही चूक कशी सांपडावी? यांत अधिक विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याच यंत्राच्या आधींच्या पिढींत, थेरॅक-२० मध्यें, अशीच चूक होती. पण तेथें आज्ञावलीहून निराळे असे धोका अडविणारे खटके बसविलेले होते, म्हणून फ्यूज उडण्यापलीकडे कांहीं होत नसे. नव्या यंत्रांत आज्ञावलीवर भिस्त ठेवून ते काढून टाकले होते. सॅक्सबीचा अडसर निघाला आणि त्या जागीं केवळ विश्वास उरला.

आज बँका, दुकानें व कचेऱ्या यांच्या कामांत जावा या भाषेचा फार मोठा उपयोग होतो. १९९५ सालीं ती बाहेर पडली तेव्हांच तिच्यांत धागे आणि कुलुपें हीं भाषेचींच अंगें म्हणून घातलेलीं होतीं. तरी तेवढ्यानें भागलें नाहीं. प्रोसेसर आपल्या जवळच्या लहान स्मृतींत लिहितो तें दुसऱ्या प्रोसेसरला लगेच दिसेलच असें नाहीं; शिवाय वेग साधण्यासाठीं तो आज्ञांचा क्रमही मागेंपुढें करतो. एका कारकुनानें आपल्या पाटीवर लिहिलें, पण सामाईक वहींत उतरलें नाहीं, तर शेजारच्या कारकुनास तें कसें कळावें? कोणी लिहिलेलें कोणास केव्हां दिसलेंच पाहिजे, याचे जावाचे पहिले नियम सदोष ठरून २००४ सालीं नव्यानें बांधावे लागले. त्याच सालच्या आवृत्तींत डग ली या अमेरिकन प्राध्यापकांच्या पुढाकारानें तयार झालेला साधनांचा एक संच आला; सेमाफोर त्यांत त्याच नांवानें आहे. त्यांतच असलेल्या एका सामाईक कोष्टकाला एकच मोठें कुलूप न घालतां, त्याचे सोळा भाग करून प्रत्येकास वेगळें कुलूप घालण्याची सोय होती. पहिल्या भागांत लिहिणाऱ्यासाठीं नवव्या भागांत लिहिणाऱ्यानें कां थांबावें? १९२८ सालीं भायखळ्यापर्यंत रुळांचे जे केलें तेंच येथें स्मृतीचें केलें. नियम तोच ठेवला, तुकडा लहान केला.

श्रोतेहो, या सर्व हकीकतीचें सार आपल्या नित्याच्या अनुभवांतच आहे. पावसाळ्यांत परळ-दादरच्या सखल भागांत रुळांवर पाणी चढतें. रुळांतला प्रवाह पाण्यावाटे भलतीकडे जातो, सिग्नलाला तो मिळत नाहीं, आणि पुढें गाडी नसतांनाही दिवा लाल होतो. डब्यांत उभे असलेले आपण ‘सिग्नल बिघडला’ म्हणून चडफडतों. वास्तविक त्या क्षणीं तो आपलें काम अत्यंत प्रामाणिकपणें करीत असतो. पुढें वाट मोकळी आहे असें त्याला खात्रीनें सांगतां येत नाहीं, म्हणून तो थांबावयास सांगतो. आर्माचें घड्याळ आणि थेरॅकची आज्ञावली यांना हेंच करतां आलें नाहीं. ज्याची खात्री नव्हती तें त्यांनीं गृहीत धरलें. संगणकावर लिहिणारे तरुण आज आपल्या घराघरांत आहेत. वेग वाढविण्यास त्यांनीं अवश्य झटावें, तुकडे जितके लहान करवतील तितके करावे. परंतु एका तुकड्यांत एकच, हा नियम काढून टाकून मिळविलेला वेग त्यांनीं वेग समजूं नये. आणि पुढच्या पावसांत गाडी परळच्या अलीकडे अडून राहिली, तर त्या लाल दिव्याकडे आपण थोड्या आदरानें पाहावें.